गाडीला जादा अर्थ वायरी टाकण्याआधी मीटर लावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लक्षात येईल. २०११ची वॅगनआर, कंपनीतूनच आलेलं सीएनजी, रोज मुलुंड ते बीकेसी. पावसाळा संपल्यापासून सकाळी सेल्फ जड फिरतो. सिग्नलला उभं असताना एसी आणि हेडलाइट दोन्ही चालू असले की लाइट मंदावतात. पिकअपही पूर्वीचा राहिलेला नाही. कुर्ल्याला एका दुकानात तुम्हाला पाच रंगीत वायरींचं अर्थिंग किट दाखवलं, बसवण्यासकट साडेतीन हजार सांगितले. पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, लाइट पांढरेशुभ्र पडतील, असं दुकानदार म्हणाला. टाकावं की नाही?

आज तरी टाकू नका. तुमच्या गाडीत अर्थचा दोष असण्याची शक्यता मला बरीच वाटते, आणि नेमकं म्हणूनच सांगतोय. दोष असेल तो कंपनीने दिलेल्या अर्थमध्ये. तो सापडला तर पॉलिश पेपर, एखादी केबल आणि तासाभराची मेहनत एवढ्यात काम होतं. त्याच्या शेजारून नवी वायर नेली, तर कुजलेला जोड आत कुजतच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरीकडून डोकं वर काढतो.

मी तीस वर्षांहून जास्त काळ गाड्यांचं वायरिंग करतोय. परळला एका शेडमध्ये काम शिकलो, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी असायच्या. लाइट मंद, हॉर्न बसका, सेल्फ जड, तक्रार कुठलीही असो, उस्ताद आधी एकच विचारायचे, "अर्थ बघितलास का?" पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. उस्तादांचा तो प्रश्न मात्र मी आजही माझ्या हाताखालच्या पोरांना रोज विचारतो.

घरातली अर्थिंग आणि गाडीतली अर्थ यांचं फक्त नाव सारखं आहे. घरातली अर्थची वायर एरवी रिकामी असते, काही बिघडलं तरच तिच्यातून करंट जातो. गाडीत अर्थ म्हणजे परतीचा रस्ता. बॅटरीच्या प्लसमधून जेवढा करंट निघतो तेवढाच्या तेवढा मायनसला परत यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक दिव्यापासून बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढण्याऐवजी गाडीचा पत्राच वापरतात. दिव्याची एक वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळली की तिथून पुढे सगळी बॉडी हीच वायर.

अडचण येते ती इंजिनाची. ते रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॅटरीच्या मायनसला, आणि मायनसपासून बॉडीला, अशा जाड केबली किंवा विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या दिलेल्या असतात. सेल्फ इंजिनावर, बॅटरी भरणारा आल्टरनेटर इंजिनावर, प्लग इंजिनात. या सगळ्यांचं बॅटरीशी नातं त्या एकदोन केबलींवर टिकून असतं. त्या आणि त्यांचे बोल्ट धडधाकट असतील, तर गाडीला आणखी अर्थ नकोच असते.

का नको, ते आकड्यांत बघा. १६ स्क्वेअरची, म्हणजे १६ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल, अर्धा मीटर लांब, हिचा रेझिस्टन्स भरतो साधारण अर्धा मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा दोन हजारावा भाग. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना १०० ते १५० अँपिअर ओढतो. १५० धरले तरी त्या केबलीत ०.०८ व्होल्ट पडतात. शेजारी तशीच दुसरी केबल टाकली तर ०.०४ पडतील. वाचले ०.०४ व्होल्ट, तेही सेल्फ फिरतो तेवढ्या एकदोन सेकंदांपुरते.

गाडी चालू असतानाचा हिशोब तर आणखी बोलका आहे. लाइट, ब्लोअर, पंखा मिळून त्या केबलीतून ३० अँपिअर जातात असं धरू. दुसरी केबल टाकून अर्ध्याचा पाव मिलिओहम केला, तर वाचणारी ताकद येते वॅटचा साधारण एकचतुर्थांश. तुमच्या गाडीचं इंजिन सुमारे ५० किलोवॅटचं आहे, म्हणजे ५०,००० वॅट. इंडिकेटरचा एक बल्ब २१ वॅट खातो. पाव वॅटने ॲव्हरेज वाढणं कसं शक्य आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

ठिणगी जोरदार पडते म्हणतात, तेही तपासू. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला मिळणारा व्होल्टेज थोडा कमी-जास्त झाला तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, कॉइल भरायचा वेळ आपणहून वाढवतो किंवा घटवतो, ठिणगी तेवढीच राहते. थ्रॉटल, टेंपरेचर, प्रेशर या सेन्सरांना परतीची स्वतःची बारीक वायर असते, ती सरळ ईसीयूत जाते, पत्र्याशी तिचा संबंध नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत ईसीयूची मुख्य अर्थ इंजिनावरच आवळलेली असते आणि आल्टरनेटरही इंजिनावरच. तिथे बॉडीला चार नव्या वायरी जोडून इंजिनाच्या चालण्यात फरक पडायला जागाच उरत नाही. जुन्या काही गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर एकाच वायरीचा असायचा आणि सायलेन्सरच्या पाइपातून अर्थ घ्यायचा. तो सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या भाषेत बोलतो. इंजिनाची अर्थ ०.२ व्होल्टने जरी सरकली तरी ईसीयूला चुकीचं ऐकू यायचं आणि पेट्रोल कमी-जास्त सुटायचं. अशा गाड्यांत अर्थ सुधारल्यावर गाडी खरोखर सुधारायची. किटबद्दलच्या काही चांगल्या आठवणी तिथूनच आल्या असाव्यात असं मला वाटतं.

तरीही किट टाकून आलेली माणसं शपथेवर सांगतात की गाडी हलकी झाली, आणि ती खोटं बोलत नाहीत. किट बसवणारा काय करतो ते जवळ उभं राहून बघा. तो बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढतो, त्यांवरचा पांढरा भुगा पाण्याने धुतो, ब्रश मारतो. वायर लावायला जुने अर्थचे बोल्ट खोलतो, घासतो, पुन्हा घट्ट आवळतो. खरं काम तिथेच झालेलं असतं, रंगीत वायरी नंतर येतात. दुसरी गोष्ट, बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू शिकलेली मापं विसरतो आणि आयडलिंग नव्याने शिकतो. पुढचे एकदोन दिवस गाडी वेगळी भासते. चार-आठ दिवसांनी पूर्वीसारखी वाटू लागते, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

आता मुंबईबद्दल, कारण हा प्रश्न पुण्याच्या गाडीला जेवढा लागू आहे त्याहून इथल्या गाडीला जास्त आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने दमट खारी हवा. वरळी, वर्सोवा, मरीन ड्राइव्ह इथे रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे बोल्ट मी एका नजरेत ओळखतो. वायरीच्या टोकाचं, बोल्टमध्ये अडकणारं तांब्याचं कडं, म्हणजे थिंबल, खाली जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा ॲल्युमिनिअमचं गिअरबॉक्स, आणि दोघांमध्ये खाऱ्या पाण्याचा ओलावा. एवढं जमलं की दोन धातूंचा लहानसा सेलच तयार होतो आणि त्यात जस्त किंवा ॲल्युमिनिअम झिजत जातं. वरून बोल्ट घट्टच असतो, पाना लावला तर हलतही नाही. खाली मात्र राखेसारखा थर.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिना, कुर्ला, सायनकडच्या कितीतरी गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. सीट वाळवल्या, कार्पेट बदललं, इंजिन ऑइल बदललं, गाड्या चालू झाल्या. पुढे सात-आठ महिन्यांनी त्याच गाड्या माझ्याकडे यायला लागल्या. पेट्रोलचा काटा नाचतो, पॉवर विंडो अर्ध्यावर थांबते, वायपर आपोआप मंद होतात. कार्पेटखाली पायांजवळ जे अर्थचे बोल्ट असतात ते कुणी उघडून बघितलेच नव्हते. त्या वर्षी मी जेवढे अर्थचे बोल्ट घासले तेवढे आधीच्या दहा वर्षांत घासले नसतील. तुम्ही रोज एलबीएस रोडने जात असाल, तर पावसाळ्यात दोन-चार वेळा तरी साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेलच.

अर्थ गेली म्हणजे काय होतं हे मला सगळ्यात नीट एका मारुती ८००ने शिकवलं. गिरगावातले एक गृहस्थ गाडी घेऊन आले. तक्रार विचित्र होती, ॲक्सिलरेटर मध्येच अडकतो. दुसऱ्या गॅरेजमध्ये तीन महिन्यांत दोनदा ॲक्सिलरेटर केबल बदलून झाली होती. मी बॉनेट उघडलं आणि त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ घरघरत कसाबसा फिरला आणि ॲक्सिलरेटर केबलीच्या प्लास्टिकमधून धुराची बारीक रेघ निघाली. मी बोट लावलं, चटका बसला. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सची अर्थची पट्टी नुसती लोंबकळत होती. कधीतरी क्लच बदलताना ती काढली होती आणि परत लावायची राहून गेली होती. इंजिनाला परतीचा रस्ताच नव्हता. म्हणून सेल्फचा सगळा करंट इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं जे काही लोखंड सापडेल त्यातून जात होता: ॲक्सिलरेटरची तार, क्लचची तार. तार तापायची, आतलं प्लास्टिक वितळायचं, केबल अडकायची. पट्टी जागेवर लावली, एक बोल्ट आवळला, सेल्फ पहिल्या झटक्यात उचलला. ते गृहस्थ बराच वेळ त्या बोल्टकडे बघत उभे होते. चालत्या गाडीत त्यांचा ॲक्सिलरेटर दाबलेल्या स्थितीत अडकला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम करून आलेल्या प्रत्येक गाडीची अर्थ पट्टी मी न सांगता बघतो.

आता मीटर. लॅमिंग्टन रोडला पाचशे-सातशे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मीटर पुरतो. फक्त तो ओहमवर लावू नका. ही चूक शिकलेले वायरमनसुद्धा करतात. ओहमवर मीटर इतका बारीक करंट सोडतो की केबलीची एकच तार शाबूत असली तरी तो ‘बरोबर’ दाखवतो. शिवाय मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो, त्यात १० मिलिओहमचा दोष दिसणार कसा? आणि १० मिलिओहमचा खराब जोड १५० अँपिअरला दीड व्होल्ट खातो. बॅटरी उत्तम असून सेल्फ मेल्यासारखा फिरतो तो यामुळे. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि करंट जात असताना मोजायचं. चांगल्या रस्त्यावर व्होल्टेज पडत नाही. जिथे पडतोय तिथे दोष.

पहिलं माप सेल्फचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंधन पंपाचा फ्यूज काढलेला आणि गाडी पेट्रोलवर, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरेल. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर, कारण दोष अनेकदा खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असतो. लाल सुई इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. घरातल्या कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर इंजिनाची अर्थ उत्तम आहे, तिथे किटचा एक पैसाही खर्च करू नका. ०.३च्या वर गेला तर काम आहे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर दोष नक्की आहे. मग लाल सुई हळूहळू बॅटरीकडे सरकवत आणायची: इंजिनावरून केबलीच्या थिंबलवर, थिंबलवरून क्लॅम्पवर. ज्या उडीला आकडा एकदम खाली येतो, दोष त्या दोन बिंदूंच्या मधे. यात अंदाजाला जागाच राहत नाही, दोष स्वतः आपला पत्ता सांगतो.

दुसरं माप गाडी चालू असताना. फ्यूज परत लावा, इंजिन सुरू करा, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. काळी सुई त्याच खुंटीवर, लाल आधी बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर, मग आल्टरनेटरच्या अंगावर. दोन्हीकडे ०.१च्या आत यायला हवं. आल्टरनेटरला विसरू नका. त्याच्या अंगाचा आणि बॅटरीचा रस्ता खराब असला तर आल्टरनेटर कितीही चांगला असो, बॅटरी अर्धपोटी राहते.

तिसरं माप मागच्या दिव्यांचं, आणि इथे मीटरच्याही आधी डोळे पुरतात. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, टेललाइट लावा, ब्रेक दाबा. ब्रेक दाबल्यावर टेललाइट मंदावला किंवा इंडिकेटर मिणमिणला, तर त्या दिव्याची अर्थ गेलेली आहे. करंटला सरळ परत जाता येत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलतो, तोही याच घरातला रोग.

प्लसची बाजूही मोजाच. गाडी चालू ठेवून, सगळे लाइट लावून, आल्टरनेटरच्या जाड वायरीचा बोल्ट आणि बॅटरीची प्लस खुंटी यांच्यात मीटर लावा, ०.२-०.३च्या आत हवं. अर्थ बदनाम होते आणि गुन्हेगार कधी कधी प्लसचा सैल क्लॅम्प निघतो.

दोष सापडला की पुढचं काम साधं आहे, पण क्रम चुकवू नका. बॅटरीचा मायनस आधी काढायचा, लावताना मायनस शेवटी. प्लस खोलताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असेल, तर पाना हातात लाल होतो. बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. मी एका मुलाच्या बोटावर अंगठीचा वळ उमटलेला पाहिला आहे, तो आयुष्यभर गेला नाही.

बोल्ट खोला, थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. थिंबलखाली रंग राहता कामा नये. दातेरी वॉशर टाका, तो पत्र्यात रुततो आणि पकड सुटत नाही. घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. जेली आधी नव्हे, आवळल्यानंतर.

केबलीचं मात्र वरून काही कळत नाही. तिला थिंबलजवळ दोन बोटांत धरून वाकवा. निरोगी केबल चिवट आणि एकसारखी लागते. कुजलेली केबल करकर आवाज करते, कधी पोकळ लागते. ब्लेडने वरचं प्लास्टिक इंचभर उभं चिरून बघा. मी अशा शेकडो केबली चिरल्या असतील, तरी दरवेळी नवल वाटतं. बाहेरून काळं प्लास्टिक नवंकोरं, आत तांब्याच्या जागी हिरवट भुगा आणि त्यातून जाणाऱ्या चार-पाच काळ्या पडलेल्या तारा. थिंबलच्या तोंडातून पाणी केसासारख्या बारीक तारांमधून वर चढत जातं. अशी केबल घासून उपयोग नाही, बदलायची. त्याच जाडीची किंवा एक माप जाड, थिंबल कथिलाचा मुलामा दिलेलं, प्रेसने दाबलेलं, वरून उष्णतेने आवळणारी नळी. नुसतं सोल्डर करून देणारे असतात. सोल्डर तारांत वर चढून तो भाग काडीसारखा ताठ करतं आणि इंजिनाच्या हादऱ्याने केबल तिथेच तुटते.

मी स्वतः नव्या अर्थ वायरी टाकतच नाही असं नाही. मोठा ॲम्प्लिफायर बसवायचा असेल, गाडीत फिरता दवाखाना किंवा खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल आणि इन्व्हर्टर चालवायचा असेल, जादा बॅटरी असेल, तिथे परतीचा रस्ता रुंद करावाच लागतो. तेव्हा मी तीन जाड केबली टाकतो: आल्टरनेटर ते बॅटरी प्लस, तीही फ्यूजसकट, बॅटरी मायनस ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी. ॲम्प्लिफायरची अर्थ त्याच्याच जवळच्या जाड पत्र्यावर, हातभर अंतराच्या आत. दहा ठिकाणी दहा वायरी नेल्या तर उलटा त्रास होतो. डेक एका बोल्टवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्यावर असला आणि त्या दोन बोल्टांत थोडासाही व्होल्टेजचा फरक असला, की स्पीकरमधून इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. म्युझिक सुधारण्यासाठी टाकलेल्या किटने म्युझिक बिघडवलेल्या गाड्या मी दुरुस्त केल्या आहेत. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या ईसीयूची अर्थही मी नेहमी सरळ बॅटरीच्या मायनसला नेतो, कुठल्यातरी चिमटीत पकडलेल्या पत्र्याला नाही.

तुम्हाला दाखवलेल्या किटबद्दल आणखी एक. स्वस्त वायरी पुष्कळदा तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या असतात. एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी निघाली तर ठेवून द्या. ॲल्युमिनिअम तांब्याच्या साधारण ६० टक्केच करंट वाहून नेतं, आणि आपल्या हवेत थिंबलमध्ये लवकर सडतं. लाल, निळ्या, जांभळ्या रंगाची अर्थ वायर मला मुळातच नको वाटते. उद्या एखादा नवखा मेकॅनिक लाल बघून ती प्लस समजला, तर जबाबदार कोण? आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून गेलेली वायर वितळून उघडी पडते. अर्थची वायर तशी निरुपद्रवी, पण तीच सुटून प्लसच्या खुंटीला टेकली तर शेकडो अँपिअर विनाफ्यूज वाहतात आणि गाडी पेटायला एवढं पुरतं. नवी वायर लावायला ब्रेकच्या पाइपाचा, सीटबेल्टचा, सस्पेन्शनचा किंवा हेडचा बोल्ट कधीही खोलायचा नाही.

ज्यांच्या गाड्या नवीन आहेत त्यांच्यासाठी: सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर एक छोटी चौकोनी डबी असते. ती बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजते. जादा वायर सरळ खुंटीवर लावली तर करंट त्या डबीला चुकवून जातो आणि गाडीला बॅटरी किती भरली आहे ते कळेनासं होतं. वायर लावायचीच तर डबीच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला. आणि इलेक्ट्रिक गाडीत केशरी केबलींच्या आसपास हातही लावू नका. तिथला मोठा व्होल्टेज बॉडीपासून मुद्दाम पूर्ण वेगळा ठेवलेला असतो, तिथे आपलं हे सगळं अर्थशास्त्र लागू नाही.

आता तुमच्या गाडीकडे येतो. सेल्फ जड आणि पावसाळ्यानंतर सुरू झालं, या दोन गोष्टींवरून माझा पहिला संशय बॅटरीच्या मायनसमधून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलीवर आहे. पण आधी बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६च्या आसपास हवी आणि सेल्फ फिरताना ९.६च्या खाली जायला नको. त्याहून खाली गेली तर बॅटरीच थकली आहे. सिग्नलला मंद होणाऱ्या लाइटसाठी तेव्हाच बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मीटर लावा. तिथे १३.८ ते १४.४ असून लाइट मंद असतील तर दोष वायरींच्या रस्त्यात आहे. तिथेच १२.८-१२.९ दिसत असेल आणि वर सांगितलेली आल्टरनेटरच्या रस्त्याची मापं ठीक असतील, तर आल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघावा लागेल, अर्थचा काही दोष नाही. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी जातो. म्हणून एक-सव्वा व्होल्टची घटसुद्धा डोळ्यांना लगेच जाणवते.

पिकअपचं प्रकरण मी यातून वेगळं काढीन. एक दिवस पूर्ण पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर गाडी ठीक उचलत असेल आणि सीएनजीवरच बसत असेल, तर प्लग, कॉइलचे रबरी बूट आणि सीएनजीचा फिल्टर बघा. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर गप्प राहतो आणि सीएनजीवर मिसिंग देतो. दोन्हीवर बसत असेल तर एअर फिल्टर, क्लच आणि चिकटलेला ब्रेक आधी तपासा.

रविवारी सकाळी गाडी थंड असताना पहिलं माप घ्या, मग गाडी सुरू करून बाकीची. सगळे आकडे कागदावर लिहा, सेल्फ मारतानाचा वेगळा, चालू गाडीचा वेगळा, आणि मला कळवा. सेल्फचा आकडा ०.३च्या वर आला तर कळवायचीही वाट बघू नका. बॅटरी उचला, ट्रे काढा आणि गिअरबॉक्सवरचा तो बोल्ट खोलून थिंबलची खालची बाजू उजेडात धरा.